पुढच्या सीटवरचा डाग

मित्रांनो, मी एक अठरा वर्षांची मोटारगाडी आहे. रंग निळा, कित्येक वर्षं तो फक्त कागदावर होता. पाठ लांब, मागे सामानाला ऐसपैस जागा, आणि डाव्या दाराला परवापर्यंत एक मोठा पोचा होता, जो आर्मासच्या बुटाने पडला होता. फिनलंडच्या पश्चिमेला पोह्यानमा नावाचा सपाट मुलूख आहे. तिथल्या एका नदीकाठच्या गावात माझं सगळं आयुष्य गेलं. गाड्यांच्या गोष्टींत बहुधा सहली असतात, समुद्रकिनारे असतात, मागच्या सीटवर गाणी म्हणणारी पोरं असतात. माझ्या गोष्टीत मारहाण पुष्कळ आहे. ती गाळली तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून न गाळता सांगते.

आर्मासने मला घेतलं तेव्हा त्याची लेक तुइरे पाच वर्षांची होती. आर्मासची लाकूड कापायची छोटी गिरणी होती आणि तो गावच्या शिकारी मंडळाचा मुखिया होता. उंच, देखणा, बोलण्यात पटाईत. त्याच्या बायकोचं नाव हिल्क्का. पहिल्या दिवशी ती माझ्यात बसली आणि समोरच्या, काचेखालच्या फळीवरची धूळ तिने आपल्या स्वेटरच्या बाहीने हळूच पुसली. तेव्हापासून मी तिची झाले. कागदावर नाव आर्मासचं असलं तरी गाडीला आपलं माणूस कळतं.

पहिली काही वर्षं मी जीव तोडून काम केलं. गिरणीतला भुसा, बटाट्याची पोती, खारवलेल्या माशांचे डबे, ओल्या शिकारी कुत्र्याचे केस, तुइरेचे चिखलाने भरलेले बूट, सगळं माझ्या पोटात. उणे तीस थंडीत शेजारच्या गाड्या खोकत बसायच्या आणि मी पहिल्या किल्लीला सुरू व्हायचे. दुकानापाशी लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "आर्मासची गाडी म्हणजे आर्माससारखीच, दणकट." आर्मासला ते आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं का बोलू.

मला कोणी कधी आतून धुतलं मात्र नाही. पावसाने बाहेरून धुतलं तेवढंच.

आर्मासचा राग मला पहिल्यांदा कळला तो तिसऱ्या वर्षी. आमच्याकडे मूस असतात. मूस म्हणजे घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं हरीण. एका सकाळी धुक्यात एक मादी माझ्यासमोर आली. तिचे पाय माझ्या नाकाने मोडले आणि तिचं धड काच फोडून आत आलं. तुइरे मागे किंचाळत होती. मूस अजून जिवंत होती आणि तिच्या टापा माझ्या छतावर आपटत होत्या. आर्मासने खाली उतरून कमरेची सुरी काढली आणि तिचा गळा चिरला. तिथपर्यंत ठीक होतं, जनावराचे हाल थांबवायलाच हवे होते. पण मूस मेल्यावरही तो थांबला नाही. तिला लाथा मारत राहिला, मग मला लाथा मारत राहिला. पोचा तेव्हाचा. तुइरेने भीतीने सीटवर ओकारी केली, तर त्याने तिला उतरवून बर्फगार रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि म्हणाला, "गाडी घाण करणाऱ्याने चालत यायचं."

हिल्क्का तिच्याबरोबर उतरली. दोघी सहा किलोमीटर चालत घरी आल्या. त्यानंतर चौदा वर्षं मी या घरातलं खूप काही ऐकलं. चापट कशी वाजते आणि मूठ कशी वाजते, यातला फरक मला काचा बंद असतानाही कळायला लागला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, मित्रांनो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आमच्या गावात गाडीत रक्त असणं ही लाजेची गोष्ट नव्हती. मानाची होती. शरद ऋतूत मंडळ शिकारीला जायचं, मांस गाड्यांमधून घरोघर जायचं, आणि ज्याच्या गाडीत रक्त जास्त त्याची शिकार मोठी. कोणाच्या सीटवर लाल दिसलं की लोक हसून खांद्यावर थाप मारायचे. "हे कसलं रक्त?" असं विचारायची पद्धतच नव्हती.

गेल्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात, एका रविवारी दुपारी, मंडळाच्या शेडमध्ये मांसाची वाटणी होती. वाटणीची आमची रीत जुनी आहे. मांसाचे चौदा घरांसाठी चौदा ढीग करायचे. एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एका ढिगावर सुरी टेकवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने एक नाव घ्यायचं, ढीग त्याचा. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वशिला नाही आणि भांडण नाही. त्या दिवशी नेहमीचा पाठमोरा म्हातारा तापाने पडला होता. हिल्क्का कॉफीचं भांडं घेऊन आली होती, म्हणून सगळे म्हणाले, चल, तूच उभी राहा.

मी शेडच्या दाराशी उभी होते, मला सगळं दिसत होतं. सुरी टेकली ती सगळ्यांत चांगल्या ढिगावर. पाठीचं मऊ मांस, वर जीभ ठेवलेली.

"हा कोणाचा?"

"एइनोचा," हिल्क्का म्हणाली.

एइनो हा गावचा जुना शाळामास्तर, बायको वारलेली. शेडमध्ये एकच हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "आर्मास, बघ बाबा! तुझ्या बायकोला जीभ दिसली की मास्तर आठवतो!" आर्मास सगळ्यांहून मोठ्याने हसला. ते हसणं ऐकून माझी टाकी आटली.

घर चार किलोमीटरवर. जंगलाच्या वळणावर त्याने मला थांबवलं आणि इंजिन बंद केलं.

"दिसत होतं तुला," तो म्हणाला.

"पाठ होती माझी, आर्मास. सगळ्यांनी पाहिलंय."

"मग त्याचंच नाव का?"

"तुझं घेतलं असतं तर लोक म्हणाले असते नवऱ्याकडे ओढते. म्हणून जे तोंडाला आलं ते घेतलं."

"तोंडाला आलं," आर्मास म्हणाला. त्याने तिचे केस मानेपाशी धरले आणि तिचं तोंड माझ्या समोरच्या फळीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिचा दात मोडला. तो आवाज मला माझ्या अंगातून ऐकू आला, कारण तो माझ्याच अंगावर मोडला होता. ज्या फळीवरची धूळ तिने बाहीने पुसली होती तिथेच. रक्त तिच्या हनुवटीवरून सीटवर आलं आणि कापडात मुरलं. तिने हात वर केला, तर त्याने तो पिरगाळला आणि पुन्हा मारलं, या वेळी मुठीने, जबड्यावर. मला भोंगा आहे, दिवे आहेत, चार दारं आहेत. त्यांतलं काहीही मला स्वतःहून वापरता येत नाही. त्या दिवशी मला स्वतःची जितकी चीड आली तितकी कोणाची आली नसेल.

मग आर्मासने रस्त्याकडेच्या ओहोळात हात धुतले. घरी पोचल्यावर मांसाची घमेली तिलाच आत न्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरणाऱ्या माणसाने काचेतून डोकावलं. "वा! मोठा होता वाटतं यंदाचा?"

"चौदा फाट्यांची शिंगं," आर्मास म्हणाला.

बस्स, इतकंच. हिल्क्काचा जबडा सुजून काळानिळा झाला होता. ती सांगायची, सौनाच्या पायरीवरून पडले. सौना म्हणजे आमच्याकडची वाफेची न्हाणी, प्रत्येक घरामागे असते. डॉक्टरने काढता-घालता येणारा खोटा दात बसवला. तुइरे शहरातून फोन करायची, तिलाही पायरीच सांगितली. सीटवरचा डाग हिवाळाभर सुकत राहिला. त्यावर बसायची वेळ आली की हिल्क्का मागच्या सीटवर बसायची आणि आर्मास म्हणायचा, "मी काय टॅक्सीवाला आहे?"

जूनमध्ये आर्मासने नवी गाडी ठरवली. मला विकायचं होतं आणि शनिवारी एक गिऱ्हाईक येणार होतं. तुइरे तेव्हा बावीस वर्षांची, शहरात गाड्या आतून-बाहेरून धुऊन चकचकीत करायच्या दुकानात कामाला. तिच्यासारखा हात त्या दुकानात दुसऱ्या कोणाचा नाही, असं तिचा मालक म्हणायचा. आर्मासने तिला फोन केला, "ये आणि ही घाण साफ कर. उकळतं पाणी ओत आणि घास, म्हणजे झालं."

जूनमध्ये आमच्या बायका घरातल्या चिंध्यांच्या सतरंज्या नदीवर धुवायला नेतात. काठाला फळ्यांचा धक्का आहे, त्यावर सतरंजी पसरायची, पाइनच्या झाडाचा साबण लावायचा आणि लांब दांड्याच्या ब्रशने घासायचं. हिल्क्काच्या सतरंज्याही धुवायच्या होत्या, म्हणून तुइरेने मला तिथेच आणलं, नाक नदीकडे करून उतारावर उभं केलं. शेजारच्या लेंपीच्या शेडमधून विजेची तार ओढली. लेंपी बहात्तर वर्षांची. चाळीस वर्षं मंडळाचे मूस सोलणारी, जिभेला तिच्या सुरीइतकीच धार.

मित्रांनो, त्या सकाळचं सुख मी विसरणार नाही. तुइरेने माझी चारही दारं उघडली. मोठ्या झाडूयंत्राने पोतंभर भुसा ओढून काढला. रबरी हातमोजा ओला करून गालिच्यावरून फिरवला, तर कुत्र्याच्या केसांचे लोळे निघाले. हवेच्या जाळीतली धूळ कापसाच्या काड्यांनी, एकेक फट करत काढली. छत हलक्या हाताने पुसलं. सतरा वर्षं कोणी माझ्याशी असं वागलं नव्हतं.

"एवढी घाण!" लेंपी धक्क्यावरून ओरडली. "ही गाडी आहे की डुकरांचा गोठा?"

"आजी, तुमच्या पायमोज्यांची सतरंजी बघा आधी," तुइरे म्हणाली आणि हिल्क्का हसली. ती हसताना तोंडावर हात धरायची. पूर्वी धरत नसे.

मग तुइरे पुढच्या उजव्या सीटपाशी आली; आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणून ही हिल्क्काची जागा. "मूसचं का गं आई? इतकं?"

"हो," हिल्क्का सतरंजी घासत म्हणाली. "कढत पाणी आणू का?"

"छे! रक्ताला गरम पाणी लावलं की ते शिजतं आणि कायमचं बसतं. गार पाणी आणि मीठ. थांब, सीटच काढते, खालूनही मुरलं असणार."

तिने चार बोल्ट सोडवले आणि सीट उचलून गवतावर ठेवली. खाली, लोखंडी पट्टीच्या खाचेत, कचऱ्याचा थर होता. सुकलेली लिमलेटची गोळी, बंदुकीच्या काडतुसाचं टोपण, एक हातमोजा. तुइरेने चिमटा घातला आणि बाहेर काढला तो दात. अर्धा दात, वर काळपट चांदी भरलेली.

तिने तो तळहातावर घेऊन पाहिला. मग सीटकडे पाहिलं. मग माझ्या समोरच्या फळीकडे, जिथे प्लास्टिकला बारीक तडा होता.

"आई," ती म्हणाली, "मूस पुढच्या सीटवर कोणी बसवला?"

हिल्क्काचा ब्रश थांबला. "पिशवी होती. मांसाची."

"आणि तुझा दात?"

"पायरीवरून पडले ना मी. सौनाच्या."

लेंपी गुडघ्यांवर बसली होती ती उठली. "अगं, तुमच्या सौनाला पायरी आहे कुठे?" ती म्हणाली. नेहमीचा आवाज नव्हता तो. "उंबरा आहे बोटभर. दर शनिवारी मी तिथे येऊन बसते. पोरी, मला ऑक्टोबरातच कळलं होतं. मी विचारलं नाही. हिल्क्का, मी विचारलं नाही गं."

हिल्क्का धक्क्यावर बसली आणि तिने साबणाच्या हातांनी तोंड झाकलं. मग सांगितलं. सगळं सांगितलं नाही, वळण सांगितलं, तीन वेळा आपटल्याचं सांगितलं. तेवढं पुरे झालं.

तेवढ्यात आर्मास आला. गिरणीतून चालत, हातात कोट घेऊन. "सीट बाहेर कशाला काढली? पाणी ओत म्हटलं होतं ना?"

तुइरे त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तळहात पुढे केला. "बाबा, हा कोणाचा?"

आर्मासने एकदाच पाहिलं. "मूसचा असेल. मुंडकं ठेवलं होतं पुढे."

"चाळीस वर्षं मूस सोलतेय मी, आर्मास," लेंपी म्हणाली. "दातात चांदी भरून घेतलेला मूस अजून माझ्या सुरीखाली आला नाही."

"तू गप्प बस, म्हातारे. दे तो इकडे," तो तुइरेला म्हणाला.

"देणार नाही. हा पोलिसांना देणार."

त्याने तिला मारलं. उलट्या हाताने, कानाखाली, इतक्या जोरात की ती ओल्या सतरंज्यांवर जाऊन पडली. लेंपी मधे आली, तर तिला ढकलून दिलं, तिचं डोकं धक्क्याच्या कठड्यावर आपटलं. तुइरेची मूठ बंद होती. आर्मासने त्या मुठीवर बूट ठेवला.

"उघड."

"नाही."

त्याने बुटावर भार टाकला. "उघड म्हणतो ना!" हाडं मोडल्याचा आवाज आला. तुइरे ओरडली, पण मूठ उघडली नाही.

आणि तेव्हा हिल्क्का माझ्यात येऊन बसली. मी तिला येताना पाहिलंच नव्हतं. तिचे हात साबणाने ओले होते, किल्ली निसटत होती. पण मी पहिल्या किल्लीला सुरू झाले, मित्रांनो. उणे तीसमध्ये कधी चुकले नाही, तर जूनमध्ये काय चुकणार?

आवाज ऐकून आर्मास वळला. तुइरेला सोडून तो माझ्या नाकासमोर येऊन उभा राहिला, पाठ नदीकडे. बॉनेटवर दोन्ही हात ठेवले.

"उतर," तो म्हणाला. हिल्क्का उतरली नाही. मग तो हसला, शेडमध्ये हसला होता तसंच. "चालव की मग. बघू तुझी हिंमत."

खरं सांगते. मला त्याला चिरडायचं होतं. मला त्याचे गुडघे मोडायचे होते, त्या मूसचे मोडले तसे, आणि या वेळी मला जराही वाईट वाटणार नव्हतं.

हिल्क्काने क्लच हळू सोडला. माझा बंपर त्याच्या गुडघ्यांना टेकला. तो एक पाऊल मागे सरकला. ती तेवढंच पुढे आली. तो अजून हसत होता. पुन्हा एक पाऊल. त्याने बॉनेटवर मुठी आपटल्या, "थांबव! हिल्क्का, थांबव!" पुन्हा एक. माझी पुढची चाकं धक्क्याच्या फळ्यांवर चढली. फळ्या करकरल्या. आता तो हसत नव्हता. बाजूला पळावं तर एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला लेंपी, कपाळातून रक्त गळतंय आणि दोन्ही हातांत ब्रशचा दांडा उगारलेला. शेवटच्या फळीवर त्याची टाच चुकली आणि तो पाठमोरा नदीत गेला.

मी पुढे जायला ओढ घेत होते. अजून हातभर गेले असते तर त्याच्यावर पडले असते. हिल्क्काने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. तिने मला तिथेच धरलं. मग रिव्हर्स टाकला आणि मला मागे घेतलं. मला त्या क्षणी तिचा राग आला. आता येत नाही.

आर्मास छातीभर पाण्यात खोकत उभा राहिला. जूनमध्येही आमच्या नदीचं पाणी हाडं गोठवतं. त्याने धक्क्याची कड धरली, तर लेंपीने ब्रशचा दांडा त्याच्या बोटांवर हाणला.

"राहा तिथेच जरा," ती म्हणाली. "रक्ताला गार पाणी चांगलं, असं तुझीच लेक सांगते."

शहर चाळीस किलोमीटर. आर्मास पाण्यातून वर चढायच्या आत न धुतलेली सीट तिघींनी उचलून माझ्या मागच्या भागात टाकली. तुइरे पुढे, सीट होती त्या जागी, उघड्या पत्र्यावर बसली, मोडलेला हात छातीशी धरून. लेंपी मागे, डोक्याला ओली सतरंजी दाबून. हिल्क्काने मला चौथ्या गिअरात इतकं पळवलं की सतरा वर्षांत आर्मासने कधी पळवलं नव्हतं.

पोलीस ठाण्याच्या दारातून तीन रक्ताळलेल्या बायका मोटारीची सीट उचलून आत आल्या. टेबलामागे एक तरुण शिपाई होता. त्याने सीट पाहिली, त्यांचे चेहरे पाहिले, आणि कळवळून म्हणाला, "अरे देवा, मूस आला का मधे? बसा, बसा. कुठल्या रस्त्यावर?" त्याने खणातून एक फॉर्म काढला. आमच्याकडे मूसच्या धडकेचा वेगळा फॉर्म असतो. माणूस चांगला होता बिचारा. पण तोही आमच्याच मुलखातला.

हिल्क्काने तोंडात बोटं घातली, बसवलेला दात काढला आणि टेबलावर ठेवला. तुइरेने मूठ उघडली आणि दुसरा त्याच्या शेजारी ठेवला.

"हा फॉर्म नको," हिल्क्का म्हणाली. दात नसल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, म्हणून तिने पुन्हा, सावकाश सांगितलं. "दुसरा काढा. रक्त माझं आहे. आर्मासने काढलं, माझ्या नवऱ्याने. आणि आज त्याने माझ्या लेकीची बोटं मोडली."

शिपाई उभा राहिला. दुसरा फॉर्म शोधताना त्याने तीन खण उपसले, असं लेंपी नंतर गावभर सांगायची.

पुढे मी वर्षभर पोलिसांच्या शेडमध्ये उभी होते, अर्धी धुतलेली, अर्धी तशीच. पांढरे कपडे घातलेले लोक येऊन माझ्या फळीवरचा तडा मोजून गेले. आर्मासला वर्ष आणि आठ महिन्यांची कैद झाली. गावातले निम्मे लोक म्हणाले, फार झालं. निम्मे म्हणाले, फार कमी झालं. शिकारी मंडळातल्या दोन घरांनी हिल्क्काशी बोलणं सोडलं. ती घर सोडून शहरात तुइरेजवळ एका खोलीत राहायला गेली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करू लागली.

मग मला परत दिलं. तुइरे मला आपल्या दुकानात घेऊन आली आणि राहिलेलं काम हाती घेतलं. तिची दोन बोटं आता पूर्ण वाकत नाहीत, तरी चार दिवस ती दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. सीट गार पाण्यात सात वेळा भिजवली. फळी बदलली. दाराचा पोचा ठोकून सरळ केला. माझा निळा रंग निळा आहे, हे मलाच नव्याने कळलं. नवी गाडी वासाने ओळखतात, तसा माझा वास यायला लागला.

काल हिल्क्का मला बघायला आली. तुइरेने किल्ली तिच्या हातात ठेवली. "तुझीच आहे, आई. तू तिला चालवून आम्हाला आणलंस."

हिल्क्का माझ्याभोवती एक फेरी फिरली. आत बसली, स्टिअरिंगवर हात ठेवले. किती वाट पाहिली होती मी त्या हातांची. मग तिने उजवीकडे पाहिलं, स्वच्छ सीटकडे, नव्या फळीकडे. तिने तोंडावर हात धरला. तिने दार उघडलं आणि बाहेर पडली.

"फार सुंदर धुतलीस गं," ती तुइरेला म्हणाली. "कुठे काही राहिलं नाही. पण मी बसने जाते."

जाताना तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ. मग रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली आणि ती गेली. मला वाईट वाटलं. अजून वाटतंय. पण तिची चूक नाही, हे मला कळतं.

आता माझ्या काचेवर विक्रीचा कागद लावला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी मी आले, तर मला घाण करा, चिखलाचे बूट ठेवा, माझ्यात खा, सांडा, ओका. माझं काही बिघडत नाही. गाडी कितीही मळली तरी नंतर धुता येते, मित्रांनो, म्हणून तिची काळजी उशिरा घेतली तरी चालते. माणसांची वेळेवर घ्या.